मोहाखालची पाचवी चाचणी

४ एप्रिल २०२४, गुरुवार, सकाळचे सात वाजून बावीस मिनिटे. या क्षणी इयत्ता सातवीतील हजेरी क्रमांक अकरा ही विद्यार्थिनी दोन ठिकाणी होती. शाळेच्या वर्गात ती टॅबवर विज्ञानाच्या पाचव्या चाचणीतला सहावा प्रश्न सोडवत होती. आणि त्याच वेळी, शाळेच्या दीड किलोमीटर अलीकडे, रस्त्यापासून पन्नासएक पावलांवर, मोहाच्या झाडाखाली वाकून फुले वेचत होती. पहिल्या गोष्टीची नोंद सर्व्हरवर होती, दुसरीची माझ्या मोबाइलमधल्या छायाचित्रावर. दोन्ही घड्याळे नेटवर्ककडून वेळ घेतात. त्यांच्यात फरक पडला असेल का, हे मी नंतर तपासले. फरक नव्हता.

मुलांची नावे मी येथे लिहिणार नाही. मुलांची माहिती उघड्यावर ठेवू नये हे मीच त्या वर्गाला शिकवले होते, आणि त्या वर्षी मोडलेल्या नियमांची संख्या तशीही पुरेशी आहे. हजेरी क्रमांक पुरे.

मी मूळची गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावची. नागपूरला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आणि मापन या एकाच विषयाने मला धरून ठेवले. तापमान मोजायला तापमापी लागते, पण ती पाण्यात बुडवली की पाण्याचे तापमान किंचित बदलते. मग मूल मोजायला गेल्यावर मुलाचे काय होत असेल? हा प्रश्न घेऊन परदेशी विद्यापीठात पीएच.डी. करायची, हे ठरलेले होते. अर्ज तयार होता. त्याआधी एका शैक्षणिक प्रकल्पात वर्षभर काम करायचे मी पत्करले : नवेगाव बांधच्या आसपासच्या आठ शाळांत टॅबवर विज्ञानाच्या चाचण्या घ्यायच्या आणि त्यांतून मिळणारे आकडे किती विश्वसनीय आहेत ते तपासायचे. प्रकल्पप्रमुखांचे शिफारसपत्र माझ्या अर्जासोबत जायचे होते.

नवेगाव बांधला मी एक खोली भाड्याने घेतली होती. पहाटे स्कूटीवर निघाले की तलावावरचे धुके रस्त्यापर्यंत आलेले असायचे. त्या वर्षीच्या माझ्या आठवणी बहुतेक त्या धुक्यातून येतात, कडा विरघळलेल्या अवस्थेत. वह्यांतले आकडे मात्र ठळक आहेत. त्यामुळे मला कधी कधी वाटते की ते वर्ष मी दोनदा जगले : एकदा वहीत आणि एकदा त्या पांढऱ्या वाफेत.

ज्या शाळेबद्दल लिहीत आहे ती सातवीपर्यंतची. आठवीसाठी गाव सोडावे लागते, आणि मुलींच्या बाबतीत गाव सोडणे म्हणजे बहुधा शाळा सोडणे. म्हणूनच प्रकल्पाच्या शेवटी एक वाट ठेवलेली होती. पाच चाचण्या, प्रत्येकी वीस गुणांच्या. शंभरांपैकी पंच्याहत्तर मिळाले तर गोंदियाच्या निवासी विज्ञान वर्गात आठवीला प्रवेश. अट एकच, पाचही चाचण्या दिलेल्या हव्यात. सातवीच्या एकोणीस मुलांत त्या आकड्याच्या जवळपास एकटी क्रमांक अकरा पोहोचत होती. चार चाचण्यांत तिचे त्रेसष्ट गुण झाले होते. पाचवीत तिला बारा हवे होते.

ती डावखुरी होती. फळ्यावर लिहायला बोलावले की डाव्या तळहाताने स्वतःचेच अक्षर पुसत जायची, आणि मग मागे वळून ते पुन्हा लिहायची. घरी गोंडी बोलायची, शाळेत त्या भागातली झाडीबोली, आणि माझ्याशी पुस्तकातली मराठी, जपून, नवी चप्पल घालून चालावे तशी. रागावली की मात्र चप्पल सुटायची.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. मोहाची फुलेही सकाळचीच असतात. पहाटेपासून ती गळू लागतात आणि ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर जनावरे खातात. ज्याने वेळापत्रक ठरवले त्याने बहुधा मोहाचे झाड पाहिले नसावे. मीही ते तोवर केवळ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाहिले होते, असे म्हटले तरी चालेल. गोरेगावच्या आमच्या घरापुढे धानाचे बांध होते, जंगल नव्हते.

त्या गुरुवारी वर्गशिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते. पर्यवेक्षणाची जबाबदारी एकट्या माझी. चाचणी टॅबवर सव्वासातला आपोआप उघडत असे आणि पावणेआठला आपोआप बंद होत असे. मी घरून वेळेवर निघाले होते. पण वळणावर तो वास आला, गोड आणि जड, जणू हवेला साय धरली आहे. सात नुकतेच वाजले होते. मी स्कूटी थांबवली. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी केलेली होती, आणि त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, मण्यांसारखी फुले पडत होती. पडताना आवाज होत होता. इतका हलका की एक ऐकू आला की आधीचा खरेच आला होता का, अशी शंका यावी. दूर एक पाठमोरी मुलगी वाकून वेचत होती. मी एक छायाचित्र काढले. त्याच्या आधी आणि नंतरही उभीच होते. किती वेळ, ते मला सांगता आले नसते. शाळेचा दरवाजा ओलांडला तेव्हा घड्याळात सात एक्केचाळीस झाले होते. आयुष्यातला अर्धा तास मला असा कधी हरवलेला आठवत नाही.

वर्ग शांत होता. एकोणीस टॅब, अठरा मुले. चार मिनिटांनी पडदे आपोआप काळे झाले.

दुपारी खोलीवर नोंदी उतरवल्या. क्रमांक अकरा : चौदा गुण. त्रेसष्ट आणि चौदा, सत्त्याहत्तर. मला मनापासून आनंद झाला. आणि त्या आनंदातच मी सकाळचे छायाचित्र मोठे करून पाहिले, ते केवळ फुलांसाठी. मुलीने शाळेची निळी ओढणी कमरेला झोळीसारखी बांधली होती. ती डाव्या हाताने वेचत होती.

मग मी प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ काढला. मुलांना साधारण चाळीस सेकंद लागतात. क्रमांक अकराला सहाव्या प्रश्नासाठी दोन मिनिटे दहा सेकंद लागली होती. आणि तिची जिवलग मैत्रीण, क्रमांक चार, हिने स्वतःची चाचणी सात एकतीसला सुरू केली होती, सोळा मिनिटे उशिरा. तिचे शेवटचे चार प्रश्न कोरे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी क्रमांक चारला थांबवून घेतले. बरोबर तिच्या दोन मैत्रिणीही न सांगता थांबल्या. काही लपवावे असे त्यांना वाटलेच नव्हते.

"अकराची चाचणी कोणी दिली?"

"आमी तिघीनं," क्रमांक चार म्हणाली. "तुमी याले उशीर लावला ना मॅडम, मंग आमीच सुरू केली. तिचा आधी, मंग आमचा."

"तिचा पिन तुला कसा मिळाला? पिन कोणाला सांगायचा नाही, हे शिकवले होते ना?"

"सांगतला नाई तिनं. ठेवायले देला. कुलूप लावून शेतावर जातो त किल्ली शेजारी ठेवतो ना, तसा. 'मी मोहावर जाऊन राहिली, माह्यावाला पाहून घेजो,' म्हनली."

मी प्रश्नपत्रिका उघडली. "सहावा प्रश्न. आरशाचा. तुम्हाला तिघींना तो येतो. स्वतःच्या चाचणीत तिघींनी बरोबर सोडवला आहे. तिच्या चाचणीत चुकीचा का?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. माझ्याविषयीची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

"तिले आरसा येत नाई, मॅडम," दुसरी समजावून सांगू लागली. "घटक चाचनीत चुकली होती ते. तिले जे येत नाई ते आमी बरोबर कायले लिवाव? खोटं होते ना."

"मंग वेळ काऊन लागला?"

मी त्यांच्याच बोलीत विचारले हे मला नंतर जाणवले.

"आता चुकाचं त हाये, पन तीन चुकीचे होते," क्रमांक चार म्हणाली. "त्यातला ती कोन्ता चुकन, त्यावर भांडन झालं आमचं."

नंतर मी गावात विचारून घेतले तेव्हा या प्रामाणिकपणाचे मूळ सापडले. तिथे मोहाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाटलेली आहेत. कागद नाही, कुंपण नाही, पण अमके झाड अमक्याचे हे सर्वांना ठाऊक. त्या घरातले कुणी आजारी पडले, बाहेरगावी गेले, तर शेजारी त्यांच्या झाडाखालची फुले वेचतात आणि वेगळा ढीग करून ठेवतात. स्वतःच्या टोपलीतले एक फूल त्या ढिगात जात नाही आणि त्या ढिगातले एक टोपलीत येत नाही. मुलींनी चाचणी तशीच वेचली होती. अकराच्या झाडाखाली जेवढे पडलेले असेल तेवढेच अकराच्या ढिगात. जास्त घालणे ही त्यांच्या हिशेबी लबाडी होती. दुसऱ्याच्या नावाने उत्तर देणे ही लबाडी असू शकते, हे मी जानेवारीत फळ्यावर लिहिले होते. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले होते, आणि सुंदर अक्षरात.

"तुझे चार प्रश्न राहिले," मी क्रमांक चारला म्हणाले.

"माहा त होतच नाई मॅडम," ती सहज म्हणाली. "तिचा होते."

शनिवारी सकाळी वर्गशिक्षक प्रशिक्षणाहून परतले. पन्नाशीचे, शांत, मिशीतल्या मिशीत हसणारे गृहस्थ. मी सर्व सांगितले. त्यांनी पंखा एक अंक वाढवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"चौदा पडले ना तिले?"

"तिला नाही, सर. तिच्या मैत्रिणींना."

"अवो, चौदाच द्याचे होते त्याईले, वीस नाई. एवढी इमानदारी तुमच्या मशीनीत त हाये का?" ते हसले. "राहू द्या. लेकरू जाते गोंदियाले. तुमचा कागद साफ राहते. कोनाचं का बिघडते?"

हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून ठेवले, कारण त्याचे उत्तर मला सापडत नव्हते. गप्प राहिले तर मुलीचा प्रवेश पक्का. माझे आकडे स्वच्छ. शिफारसपत्र सुरक्षित. कळवले तर नियम असा होता : दुसऱ्याने दिलेली चाचणी रद्द, आणि पाच पूर्ण नाहीत म्हणून प्रवेशही रद्द. अपवाद एकच. पर्यवेक्षक जागेवर नव्हता असे पर्यवेक्षकाने स्वतः लिहून दिले तर प्रमुख फेरचाचणी मंजूर करू शकत. करतीलच असे नाही. आणि केली तरी मुलीला पुन्हा बारा मिळवावे लागणार. हाताशी असलेले चौदा सोडून न मिळालेल्या बारांमागे तिला धावायला लावणे, याला न्याय म्हणावे की माझी आकड्यांची हौस, हे मला ठरवता येईना. सोमवारी संध्याकाळी प्रणाली बंद होणार होती.

शेवटी जी गोष्ट पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली. ज्या मुलीची ही चाचणी, तिला विचारायला गेले. शनिवारचे दहा वाजले होते. तिचे घर त्या दिवसांत झाडाखालीच मुक्कामाला होते. पळसाच्या फांद्यांचा आडोसा, तीन दगडांची चूल, जमिनीवर वाळत घातलेली फुले. ताजी पिवळट, कालची तपकिरी, परवाची मनुकांसारखी काळपट. पलीकडे बोडी होती, म्हणजे लहानसा गावतलाव, आणि तिच्या पाण्यात तेच झाड उलटे उभे होते. वारा नव्हता. वरचे फूल गळले की खालचे फूल पाण्यातून वर येताना दिसे आणि दोन्ही एका बिंदूवर भेटून नाहीशी होत. मी बोलायला आले होते हे काही क्षण मी विसरले.

मुलगी उठून उभी राहिली. तिची आई बसूनच राहिली, हात चालू ठेवून.

मी सर्व क्रमाने सांगितले. ती तिथे होती हे मला कसे कळले, याचा पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला.

तिने छायाचित्र बराच वेळ पाहिले. "हा तुम्ही मला विचारून काढला?" पुस्तकी मराठीत, सावकाश.

मी मोबाइल मागे घेतला.

"तुम्हीच सांगितले होते. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही."

"सांगितले होते. चुकले माझे."

मी ते छायाचित्र तिच्या देखत पुसले, आणि पुसलेली छायाचित्रे जिथे महिनाभर पडून राहतात तिथूनही पुसले. चार तारखेच्या सकाळचा माझ्याकडचा एकमेव पुरावा असा संपला. आता त्या मिनिटाला फक्त माझा शब्द होता.

मग तिने विचारले, "किती मिळाले मला?"

"चौदा."

"चौदा?" चप्पल सुटली. "चौदाच देले त्याईनं मले? कोन्ता चुकवला?"

"एकूण सहा. त्यात एक आरशाचा. त्या म्हणाल्या तुला आरसा येत नाही."

"कोन म्हनलं येत नाई? जानेवारीत नाई येत होता!" तिने डाव्या हाताने बोडीकडे बोट केले. "रोज पाह्यतो मी इथं. झाड जेवढं वर, तेवढंच आत. आपन एक पाऊल पुढं सरकलो त तेही सरकते. सांगा तिले. नाई, मीच सांगतो."

"हे बघ," मी म्हणाले, "मी गप्प राहिले तर हे चौदा तुझे. तू गोंदियाला जाशील. कळवले तर कदाचित पुन्हा चाचणी मिळेल, कदाचित नाही. मिळाली तर बारा लागतील, आणि ते तुलाच मिळवावे लागतील. नाही मिळाली, तर काहीच नाही. तू सांग."

आई आणि मुलगी गोंडीत बोलू लागल्या. ती भाषा मला येत नाही. माझ्या घरी पोवारी बोलतात; पन्नासएक किलोमीटरवरच्या दोन घरांमध्ये केवढे अंतर असते हे मला तेव्हा कळले. आईचा आवाज एकदा चढला. मुलीने मान हलवली, एकदा, दोनदा. फुले पडतच होती. अशा वेळी न कळणारे बोलणे ऐकत उभे राहिले की आपणच कुठे तरी दूर निघून गेल्यासारखे वाटते. आपला निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी स्वप्नात घेतला जात असल्यासारखे.

"माय म्हनते, मूर्ख हाये मी," मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली. मग चप्पल पुन्हा घातली. "तुम्ही कळवा. माझी चाचणी मी देते."

त्या दुपारी मी प्रमुखांना लिहिले. चार ओळी. पर्यवेक्षक म्हणून मी सव्वासात ते सात एक्केचाळीस वर्गात नव्हते. वाटेत थांबले होते. थांबण्याचे कारण कामाशी संबंधित नव्हते. या काळात क्रमांक अकराची चाचणी तिच्या सहाध्यायिनींनी भरली. दोष माझा असल्याने फेरचाचणी मिळावी. पाठवण्याचे बटण दाबताना माझा अर्ज, ते विद्यापीठ, तिथल्या बर्फाची मी कल्पनेत पाहिलेली खिडकी, सगळे डोळ्यांपुढून गेले. उत्तर रविवारी रात्री आले. दोन वाक्ये होती : फेरचाचणी मंजूर. तुमच्या अनुपस्थितीची नोंद घेतली आहे.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी टॅब घेऊन झाडाखाली पोहोचले. शाळेत बोलावले असते तर सकाळची फुले गेली असती, आणि ते आईने शनिवारीच स्पष्ट केले होते. चाचणीला नेटवर्क लागत नव्हते. नवी प्रश्नपत्रिका, तेच वीस विषयांश, तीस मिनिटे. मुलगी सारवलेल्या जागेवर मांडी घालून बसली, टॅब मांडीवर, पाठ झाडाला.

"हे लिहून राहिली, मंग फुलं कोन वेचन?" आईने विचारले.

"मी," मी म्हणाले.

पर्यवेक्षक पाच पावलांवर असावा, एवढेच नियमात होते. त्याने उभेच राहावे असे कुठे लिहिलेले नव्हते.

मी ओढणी कमरेला बांधली आणि वाकले. फूल दिसते टणक, बोटात येते तेव्हा ओलसर, जिवंत, थंड. मी एकेक उचलत होते. आईने थोडा वेळ पाहिले.

"मॅडम, कोंबडीबी तुमच्यापेक्षा भरभर वेचते."

"शिकते आहे."

"दोन्ही हातानं वेचा ना. एक हात कोनासाठी ठेवला?"

मुलगी हसली. मी गंभीर चेहऱ्याने तिला म्हणाले, "परीक्षार्थीने बोलू नये." आई त्यावर आणखी हसली. मग तिघी आपापल्या कामाला लागलो. धुके बोडीवरून उठून आडोशाला टेकले होते आणि त्यातून सूर्य एखाद्या पुसट नाण्यासारखा दिसत होता, ज्यावरचा आकडा वाचता येत नाही. कुठे तरी वानरे फांद्या हलवत होती. मधूनच पडद्यावर बोट टेकल्याचा आवाज येई, मधूनच फूल पडल्याचा, आणि मला दोन्हींतला फरक कळेनासा झाला. वाटले, हे मोजता येईल. वाटले, नको. सहाव्या प्रश्नावर ती किती वेळ थांबते हे पाहायचे मी ठरवले होते. भानावर आले तेव्हा ती अकराव्यावर होती.

सत्ताविसाव्या मिनिटाला तिने टॅब पुढे केला. "झाला."

"तपासून पाहायचे असेल तर तीन मिनिटे आहेत."

"नको. तपासला की मी बरोबरचा चुकवतो."

मी तिच्या शेजारी बसले. गुण नेटवर्क मिळाल्यावरच दिसतात, पण पर्यवेक्षकाच्या पिनने उत्तरे एकेक उघडता येतात. मी तो पिन टाइप करताना तिने शिष्टाचाराने मान दुसरीकडे फिरवली. आईही येऊन उभी राहिली. हातातली फुले तिने अजून टोपलीत टाकली नव्हती.

पहिले तीन बरोबर. चौथा चूक, आणि तो मैत्रिणींनी तिच्या वतीने बरोबर सोडवला होता. पाचवा बरोबर. सहावा, आरसा, बरोबर. तिने नाकाने श्वास सोडला. सातवा चूक. आठवा, नववा, दहावा बरोबर. अकरावा बीजाच्या अंकुरणाचा. गावातल्या प्रत्येकाला वाटले असते हा तिचा हक्काचा. चूक. बारावा चूक.

"किती झाले?" आईने विचारले.

"आठ."

"अन्‌ लागते किती?"

"बारा. आठ प्रश्न राहिले आहेत."

तेरावा बरोबर. चौदावा चूक. मुलगी झाडाच्या सालीचा एक कपचा सोलू लागली. पंधरावा, सोळावा बरोबर. अकरा. सतरावा चूक. मी पुढचे उत्तर उघडण्याआधी थांबले, आणि का थांबले ते मलाच कळले नाही. यंत्रातले उत्तर माझ्या थांबण्याने बदलणार नव्हते. क्रमांक चारला मी कसे सांगणार, हा विचार आला. मग बोट टेकवले. अठरावा चूक. एकोणिसावा. मुलीने डोळे मिटले होते, म्हणून मी तो मोठ्याने सांगितला : बरोबर. आईने विचारले, "मंग?" आणि मुलीने डोळे न उघडताच तिला गोंडीत एक आकडा सांगितला. विसावा मी उघडला आणि वहीत, ८ एप्रिल, सात वाजून चार मिनिटे, या नोंदीपुढे एकूण गुण लिहिले : तेरा.